मी बेस बरोबर लावला

देवावर माझा विश्वास आहे, पण मीटरवर त्याहून जास्त होता. वर्कशॉपमध्ये येईल त्याला मी हे ऐकवायची, आणि वर ठसक्यात म्हणायची, की देव एखादवेळी झोपेल, मीटर झोपत नाही. बोईसरला एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर आमचं वर्कशॉप. दोन गाळे, एक मालक, एक मी आणि भिंतीला लागून वायरलेस सेटांची रांग. कारखान्यांच्या गेटवरच्या वॉचमनचे हातातले सेट, बोटींवरचे सेट, आणि मधूनमधून एखादा बेस सेट. बेस म्हणजे जमिनीवर, ऑफिसात बसणारा मोठा सेट. बाकीचे सगळे त्याच्याशी बोलतात.

दुरुस्ती झाली की सेट लगेच द्यायचा नाही, हा माझा हट्ट. गिऱ्हाईक दारात उभं राहून घाई करायचं, "मॅडम, चालू हो गया ना? दे दो ना." मी म्हणायची, चालू झाला म्हणजे बरा झाला नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाला कुणी त्याच दिवशी पळायला लावतं का? आधी अँटेना काढून तिच्या जागी डमी लोड नावाचा डबा जोडायचा. सेट आणि मीटर दोन्ही अर्धा तास तापू द्यायचे. मग सेट किती ताकदीनं बोलतो, किती बारीक आवाज पकडतो आणि ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर नेमका बसलाय की बाजूला सरकलाय, हे मीटरवर बघायचं. सरकला असेल तर आत मोहरीएवढा एक पितळी स्क्रू असतो. तो प्लास्टिकच्या पेचकसानं केसभर फिरवायचा. काटेकोर काम आहे. श्वाससुद्धा हळू घ्यावा लागतो. सगळं जमलं की झाकणावर तारखेचं, सहीचं स्टिकर. त्या सहीवर माझा फार जीव होता, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचा बेस माझ्याकडे आला. गाव मुरबे आणि नवापूरच्या मधल्या किनारपट्टीवरचं. नाव सांगत नाही, सांगितलं तर घरी वाद होतील. विजेचा दणका बसून सेटचा बोलायचा भाग जळाला होता. ऐकू यायचं, बोलता यायचं नाही. सोसायटीचा क्लार्क सेट टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन रिक्षातून आला. माझ्याच गावचा सेट आणि तो माझ्याच हाताखाली! मी मालकाला सांगितलं, याला कुणी हात लावायचा नाही.

बाबा त्याच आठवड्यात समुद्रावर जायचे होते. ते स्वतःच्या बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान, आणि सगळ्यांपेक्षा लांब जाऊन जाळं टाकायची त्यांची खोड. चार-पाच दिवस बाहेर राहायचे. मी म्हटलं, बाबा, बेस येईपर्यंत थांबा दोन दिवस. ते म्हणाले, "तू लावतंस ना? मग येईल तो. आमी काय त्याच्यासाठी बसून ऱ्हायाचं?" आणि बर्फ भरून निघून गेले. त्यांच्यासोबत आणखी आठ बोटी गेल्या.

जळालेला भाग बदलला, सेट बोलायला लागला. मग मी तो मीटरला लावला, अर्धा तास थांबले, आणि आकडा बघून माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. बेस फ्रिक्वेन्सीपासून चांगलाच बाजूला सरकलेला होता. हे काही विजेनं झालेलं नव्हतं. आतले भाग जुने होत जातात तसा सेट वर्षावर्षाला कणाकणानं सरकतो, आणि याला इतक्या वर्षांत कुणी मीटर दाखवलाच नव्हता. मला एवढा राग आला! इतकी माणसं याच्या भरवशावर समुद्रात जातात, आणि हे असं? त्या रागात मी एक गोष्ट केली नाही. दुरुस्तीआधीचा आकडा वहीत लिहायचा, हा या धंद्यातला पहिला नियम. मी लिहिला नाही. चुकीचा आकडा लिहून काय करायचाय, असं वाटलं. स्क्रू फिरवला, बेस अगदी नेमका जागेवर आणला, झाकण लावलं, स्टिकर चिकटवलं, आणि सही जरा मोठीच केली.

बसवायला मी स्वतः गेले. सोसायटीच्या वरच्या खोलीत टेबलावर सेट ठेवला, अँटेनाची वायर जोडली. खाडीत उभ्या असलेल्या दोन बोटींशी क्लार्क बोलला. आवाज असा खणखणीत आला की खाली जाळी विणत बसलेल्या बायांनीही वर बघितलं. मी कॉलर नसलेल्या ड्रेसची कॉलर ताठ केली.

तिथे माझे एक काका होते. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. गावातल्या सगळ्या बोटींचे सेट आजवर तेच बघत आलेले. शिक्षण सातवी, हत्यारं एका कापडी पिशवीत, आणि मीटर नावाची वस्तू त्यांच्या घरात नाही. सगळं कानानं. त्यांनी सेटभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "आत काय काय फिरवलास?"

"चुकीचं होतं ते बरोबर केलं."

"पन चालत व्हता ना? व्हता तसाच ठेवाचा."

मी हसले. आम्ही दोघंच असतो तर चाललं असतं, पण क्लार्क होता, दोन खलाशी होते, आणि माझ्या जिभेला हाड नाही. म्हटलं, "काका, कान म्हणजे मीटर नाही हो. तुमच्या कानावर सर्टिफिकेट मिळतं का?" सगळे फिदीफिदी हसले. काका हसले नाहीत. त्यांनी पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले. मला त्या क्षणी जरासुद्धा वाईट वाटलं नाही, हे आज लिहिताना मात्र लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी क्लार्कचा फोन आला. म्हणाला, जवळच्या बोटी झकास येतात, पण लांबच्या बोटींचा आवाज फाटतोय, शब्द कळत नाही. मी म्हटलं, त्यांचे सेट जुने आहेत, त्यांना सांग आल्यावर घेऊन या. फोन ठेवला आणि जेवायला बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास पुन्हा फोन. या वेळी त्याचा आवाजच वेगळा होता. हवामानाचा निरोप आला होता, दुपारनंतर जोराचा वारा, समुद्र खवळणार, बाहेरच्या बोटींनी ताबडतोब किनारा गाठावा. "नऊ बोटी बाहेर हायत," तो म्हणाला, "तासभर हाका मारतोय, एकाला पन कललंय असं वाटत नाय. मोबाईल तर तितं लागतच नाय. तू ये बाबा आधी."

नऊमधली एक माझ्या बाबांची. मी मालकाला काय सांगितलं ते आठवत नाही. वॉटमीटर आणि हत्यारांची पेटी स्कूटरच्या पायाशी टाकली आणि निघाले. फ्रिक्वेन्सी बघायचं मोठं मीटर बरोबर घ्यायचं सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ते स्कूटरवर मावलं नसतं. आभाळ स्वच्छ होतं. वाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं. मी मनाशी म्हणत होते, अँटेनाची वायर ढिली झाली असणार, पाच मिनिटांचं काम, उगाच घाबरतेस.

सोसायटीच्या अंगणात बाया जमल्या होत्या. ज्यांचे नवरे, दीर, मुलगे बाहेर होते त्या. त्यांनी मला वाट करून दिली, आणि एक जण म्हणाली, "आली गं आली, आता व्हईल."

वर जाऊन वायर बघितली. घट्ट. कनेक्टर उघडला, आत पाणी नाही, गंज नाही. वॉटमीटर जोडून माईकचं बटण दाबलं. ताकद पूर्ण. पाठवलेली ताकद अँटेनाकडून परत फिरून येत नाही, म्हणजे अँटेना उत्तम. गच्चीवर चढून खांब बघून आले. काहीही बिघडलेलं नव्हतं. बिघाड सापडला की माणूस निदान कामाला लागतो. इथे सगळं बरोबर होतं, आणि बोलणं पोचत नव्हतं.

क्लार्कचा घसा बसला होता. मी माईक घेतला. "सर्व बोटींनी परत या, वारा येतोय, सर्व बोटींनी परत या." बटण सोडलं. खरखर, आणि त्या खरखरीत मधूनच काहीतरी घोगरं, माणसाचं, पण शब्द नाही. पत्र्यावर खडे ओतावेत तसं. कोण बोलतंय तेही कळेना. पुन्हा बोलले. पुन्हा तेच. मग मी बाबांच्या बोटीचं नाव घेऊन हाका मारायला लागले. मग बोटीचं नाव सुटलं आणि नुसतं "बाबा, ऐकू येतंय का? बाबा, घरी या. बाबा, लवकर घरी या," एवढंच तोंडातून यायला लागलं. किती वेळ बोलत होते देव जाणे. मधे मी रडत होते, हे मला क्लार्कनं नंतर सांगितलं. आई बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसली होती. तिला फोन करायची माझी छाती झाली नाही.

खिडकीतून समुद्र दिसत होता, अजून शांत. त्या शांततेचीच भीती वाटत होती. साडेअकरा वाजले होते. लांबच्या बोटीला यायला तीन-साडेतीन तास लागतात. मी मनात पुन्हा पुन्हा तीच बेरीज करत होते.

खाडीतली एक बोट मधेच बोलली, "बेस, तुमचा आवाज लई भारी येतोय." मला त्या माणसाला समुद्रात ढकलावंसं वाटलं. जवळच्याला भारी येतोय, आणि लांबच्याला येतच नाही. दोघांत फरक काय? मी तर सगळं मीटरप्रमाणे लावलं होतं. मीटरप्रमाणे, मीटरप्रमाणे, असं म्हणत मी कपाळ चोळत बसले, आणि मला काकांचा प्रश्न आठवला. आत काय काय फिरवलास?

जिना उतरून मी धावत काकांच्या घरी गेले. ते पडवीत बसून दोरी कापत होते. वर बघितलंसुद्धा नाही.

"काका, लांबच्या बोटी येत नायत."

"मग मीटर लाव."

"काका, लावलाय. सगळं बरोबर आहे हो. सगळं बरोबर आहे आणि येत नाही!"

माझा रडवेला आवाज ऐकून त्यांनी सुरी खाली ठेवली. "बोटींचे सेट कुनी लावलेत?"

"तुमी."

"कशावर लावलेत?"

हा प्रश्न मी आजवर स्वतःला विचारलाच नव्हता.

"बेसवर," काका म्हणाले. "हितून एक मानूस एक ते धा म्हनत ऱ्हातो, आनि मी बोटीत बसून आवाज गोड लागंपर्यंत आतला स्क्रू फिरवतो. एकूनएक बोट. बेस जितं व्हता, तितं समद्या बोटी आनल्या मी. आनि तू बेसच हलवलास."

तिथल्या तिथे मी उंबऱ्यावर बसले. एवढं सरळ होतं. बेस वर्षानुवर्षं बाजूला सरकत गेला आणि काका दर पावसाळ्यात गावातली प्रत्येक बोट त्याच्याबरोबर सरकवत गेले. सगळे एकत्र चुकलेले, म्हणून सगळ्यांचं एकमेकांशी जमत होतं. मी एकट्या बेसला उचलून बरोबर जागी नेऊन बसवला. जवळच्या बोटीचा आवाज मुळात एवढा दणदणीत, की जरा बाजूला असला तरी कानाला पत्ता लागत नाही. लांबून येणारा आवाज दोऱ्याएवढा. तो जरासा बाजूला पडला की संपला.

"तुमी त्याच वेळी का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच त्यांच्यावर. अजून माझी मस्ती बघा.

"सांगितलं. तू हासलीस."

मी नुसते हात जोडले. काकांनी तेही बघितलं नाही. खुंटीवरची पिशवी काढली आणि चपला शोधायला लागले.

आता बेस मागे न्यायचा होता, पण किती मागे? आधीचा आकडा वहीत असता तर वर्कशॉपला फोन करून वही आणि मोठं मीटर रिक्षातून मागवता आलं असतं. तो मी लिहिलेला नव्हता. वाटेत मी काकांना ते कबूल केलं. ते म्हणाले, "आकडा कशाला? बोटी हायत की." खाडीच्या काठावर ओढून ठेवलेल्या एका बोटीतला सेट आणि बॅटरी त्यांनी काढायला लावली. मी म्हटलं, काका, इतक्या जवळून तर सगळंच छान ऐकू येतं, चूक कळणार कशी? त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "अँटेना लावनार कोन हाय?" म्हणाले.

असं कधी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही मी. सेट घेऊन ते बर्फाच्या कारखान्याच्या मागे, जाड भिंतीच्या आडोशाला जाऊन बसले. अँटेनाच्या जागी वीतभर तार. तेवढ्यानं बेसचा दणदणीत आवाज इतका बारीक झाला, की जणू तो खोल समुद्रातून येतोय. मी वरच्या खोलीत. एका हातात पेचकस, मोबाईल स्पीकरवर ठेवलेला, पलीकडे काका. झाकण उघडायला स्टिकर फाडावं लागलं. सही मधोमध फाटली आणि मला काडीचंही काही वाटलं नाही. क्लार्क माईकवर म्हणत होता, एक, दोन, तीन, चार.

"काय नाय," काका फोनवर म्हणाले. "खरखर."

मी केसभर फिरवलं.

"अजून."

पाच, सहा, सात.

"अजून. हां, मानूस हाय कललं. अजून थोडा."

कायद्यानं हे चूक होतं. बेसनं ठरलेल्या जागेवरच बोलायचं असतं, आणि मी सर्टिफिकेट देणारी बाई माझ्याच हातानं तो जागेवरून हलवत होते. पेचकस दोनदा निसटला. क्लार्क तिसऱ्यांदा एकपासून सुरू झाला.

"थांब, थांब! जास्ती झाला. माघारी. थोडा. थोडा. हां... गोड लागला. हात काढ आता."

मी हात काढला. क्लार्कनं माईक माझ्यापुढे केला, मी मान हलवली, त्यानंच हाक मारली. "सर्व बोटी, सर्व बोटी, वारा येतोय, परत फिरा." बटण सोडलं. दोन सेकंद खरखर. मग त्या खरखरीतून एक स्वच्छ, वैतागलेला आवाज आला, "अरे काय रं, दोन दिस झाले, बेसला काय झालाय काय तुमच्या? आलो, आलो, जालं ओढतोय."

खाली बायांनी एकदम कालवा केला. मग दुसरी बोट बोलली, तिसरी बोलली. क्लार्क कागदावर खुणा करत गेला. आठही बोटी त्या दिवशी अंधार पडायच्या आत सुखरूप किनाऱ्याला लागल्या, हे इथेच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगायला नको. पण माझा टांगलेलाच होता. कारण कागदावर खुणा आठच होत्या.

बाबांची बोट बोलली नाही.

काका वर आले होते. त्यांनी स्वतः हाका मारल्या. दुसऱ्या बोटींना विचारलं, कुणी बघितली का? एक जण म्हणाला, सकाळी खूप लांब होती, आता दिसत नाही. दुसरा म्हणाला, सकाळी कुणीतरी सारखं बोलत होतं, पण समजत नव्हतं. मी काकांकडे बघितलं, ते खिडकीकडे बघत होते. त्यांचा तो भाऊ होता. मला वाटलं, आता ते मला चार शिव्या देतील, द्यायलाच हव्यात. ते म्हणाले, "पानी पी."

एक वाजता झावळ्या हलायला लागल्या. दीडला समुद्राचा रंग बदलला. मी सोसायटीतून उठून खाडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. मला कुणी थांबवलं नाही आणि माझ्याबरोबरही कुणी आलं नाही. तिथे उभं राहून मी काय काय कबूल केलं म्हणून सांगू. की परत कधी सेटला हात लावणार नाही. की काकांचे पाय धरीन. की आईला मीच सांगेन, दुसऱ्या कुणाला सांगू देणार नाही. तेवढं बोलून झाल्यावर आईला कसं सांगायचं, हे शब्द जुळवायला लागले, आणि मग मला माझीच भीती वाटली.

अडीचच्या आसपास क्षितिजावर बोट दिसली. सगळ्यांत जवळ होती ती बोट असणार, असं मागून आलेले लोक म्हणाले. काका डोळ्यांवर हात धरून बघत राहिले आणि म्हणाले, "नाय. ही आपली हाय."

लोक म्हणाले, शक्यच नाही. सगळ्यांत लांब गेलेली बोट सगळ्यांच्या आधी येईल कशी? बेस लावून जेमतेम दोन तास झालेत. पण आमच्या बोटीचा निळा रंग मला कळतो. ती इंजिन फुटेल अशी धावत येत होती, नाक वर करून, लाटांवर आदळत. इतकी घाई बाबांनी आयुष्यात कधी केली नव्हती. ओहोटी असल्यानं तिला खाडीत शिरता येईना. थांबायच्या आधीच बाबांनी कमरेएवढ्या पाण्यात उडी टाकली आणि चिखल तुडवत सरळ माझ्याकडे यायला लागले. बासष्टीचा माणूस. दोनदा पडले. मी पुढे धावले, मीही पडले.

मला वाटलं, ते मला जवळ घेतील, किंवा थोबाडीत मारतील. त्यांनी माझे दोन्ही दंड पकडले. डोळे लाल, ओठ पांढरे. श्वास पुरत नव्हता.

"तुजी आय कुठं हाय?"

मला प्रश्नच कळेना. "आई? बाजारात आहे. बाबा, तुम्ही..."

"खोटं नको बोलू. कदी झालं? मला सांग. कदी झालं?"

मागून त्यांच्या बोटीवरचा खलाशी येऊन पोचला होता. धापा टाकत तोच सांगायला लागला. सकाळी जाळं ओढताना वायरलेसवर खरखर चालू होती. शब्द एक कळत नव्हता. पण बाबा एकदम थांबले आणि म्हणाले, ही माझी पोरगी हाय. पोरगी रडतेय. ती वायरलेसवर कधी बोलत नाय, आज रडतेय, म्हणजे घरात काय तरी झालं. माझी बायको गेली. त्यांनी बटण दाबून दाबून विचारलं, काय झालं, आईला काय झालं, सांग. इकडून उत्तर म्हणून नुसती खरखर आणि रडणं. विचारता विचारता जुनी बॅटरी बसली. मग बाबांनी सुरी काढली, निम्मं जाळं समुद्रातच तोडून टाकलं आणि बोट फिरवली. तीन तास सुकाणू सोडलं नाही. वारा येणार आहे हे त्या बोटीवर कुणाला माहीतच नव्हतं.

"बाबा, आई बरी आहे," मी म्हटलं. "वारा येणार म्हणून बोलवत होते तुम्हाला. सेट माझ्यामुळे बिघडला होता. आई बरी आहे हो, बाबा!"

त्यांना ते पटेना. मान नुसती हलत होती, नाही नाही अशी. मी चिखलाच्या हातानं फोन काढला, आईला लावला आणि त्यांच्या कानाला धरला. बाजाराचा गलका मलासुद्धा ऐकू आला, आणि त्याच्यावरून आईचा तो ठणठणीत, तापलेला आवाज.

"काय गं? आता कशाला फोन केलास? गिऱ्हाईक हाय समोर!"

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. मग ते म्हणाले, "मी हाय."

"तुमी? तुमी कदी आलात?"

"आत्ताच. काय नाय. रात्री जेवाला काय करतंस?"

"ह्यो काय विचारायचा टाईम हाय? ठेवते," आई म्हणाली.

बाबा होते तिथेच चिखलात बसले. वारा एव्हाना चांगलाच सुटला होता, लोक बोटीचे दोर ओढायला धावत होते, काका त्यांचं नाव घेऊन हाका मारत होते. मी त्यांच्या शेजारी बसले. आईनं फोन केव्हाच ठेवला होता. बाबा तो दोन्ही हातांनी कानाला घट्ट धरून ऐकत बसले होते.